कच्चा मासा आणि गोठलेला अभिमान

मध्यमवर्गीय मराठी घरातला पुरुष ज्या रविवारी "आज स्वयंपाक मी करतो" असं जाहीर करतो, त्या रविवारी दोनच शक्यता असतात. एक तर मॅगी, नाहीतर असा काही पदार्थ की ज्याचं सामान गोळा करायला तीन उपनगरं पालथी घालावी लागतात. अलीकडे या दुसऱ्या प्रकारात साशिमीची भर पडली आहे. साशिमी म्हणजे कच्च्या माशाचे काप. तेच आंबटगोड भाताच्या मुटक्यावर बसवले की सुशी. "अगं, शिजवायचं काहीच नाही! नुसतं कापायचं आणि वाढायचं." गॅस पेटवावा लागत नाही म्हणजे पदार्थ सोपा, असा हा तर्क आहे. लोणच्यालाही गॅस लागत नाही, पण ते सोपं असतं असं कुठल्याही आजीसमोर म्हणून पाहावं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. कच्चा मासा हा कमालीच्या खटपटीने तयार केलेला पदार्थ आहे. फक्त त्याची चूल शून्याच्या खाली लावलेली असते. त्यातून यजमान पर्यावरणवादी असला (आणि साशिमी करणारा यजमान हटकून असतोच), तर त्याला समुद्राचंही भलं करायचं असतं. पाहुण्यांचं पोट सांभाळायचं असो की समुद्रातला साठा, दोन्ही वाटा बहुतेक वेळा फ्रीझरच्या दारापाशीच येऊन थांबतात. ते दार उघडू देत नाही तो एकटा यजमानाचा अभिमान. पाहुण्यांना त्याला सांगायचं असतं, "एकदम ताजा आहे हं, सकाळीच आणलाय."

ताजेपणा ओळखण्यात आपण स्वतःला मोठे जाणकार समजतो. बाजारात कल्ला उचलून लाली पाहायची, डोळा फुगीर आहे की खोल गेलाय ते पाहायचं, पाठीवर बोट दाबून खळगा भरून येतो का ते तपासायचं, आणि एवढी वैद्यकीय तपासणी झाल्यावरही तोंडी साक्ष काढायचीच. "मावशी, ताजा आहे ना?" "आत्ता बोटीवरनं उतरलाय." हा संवाद ससून डॉकपासून गल्लीतल्या पाटीपर्यंत रोज होतो आणि मावशी अजिबात खोटं बोलत नाहीत. मासा बोटीवरून आत्ताच उतरलेला असतो. पण बोट निघाली कधी, हे कुणी विचारत नाही. मोठे ट्रॉलर आठ-आठ, दहा-दहा दिवस समुद्रावर असतात. पहिल्या दिवशी जाळ्यात आलेला मासा खणात बर्फाखाली तळाला जातो, शेवटच्या दिवशीचा वर राहतो, आणि धक्क्यावर दोघेही एकाच टोपलीत "आत्ता" उतरतात. कालवणाला त्याने काही बिघडत नाही; आगळ आणि तिरफळ असल्या बारीकसारीक वयाच्या फरकांकडे दुर्लक्ष करतात. कच्चं खायचं म्हटलं की मात्र सारी मदार त्या बर्फावर येते, आणि बर्फाबद्दल मावशींना कुणी काही विचारलेलं नसतं.

त्यातही यजमान अख्खा मासा घेत नाही. त्याने व्हिडिओ पाहिलेला असतो, त्याला ट्यूनाचा लाल चौकोनी ठोकळा हवा असतो. आता ठोकळ्याला डोळे नसतात, कल्ले नसतात. पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान तिथे बाद होतं आणि उरतो फक्त रंग. यजमान रंगावर विश्वास टाकतो. ट्यूनाचा लाल रंग त्याच्या स्नायूंतल्या एका रंगद्रव्याचा असतो. ते हवेने आणि साध्या फ्रीझरच्या अर्धवट थंडीने हळूहळू तपकिरी होतं. हे टाळायला काही व्यापारी माशाला कार्बन मोनॉक्साइडचा स्पर्श घडवतात. मग तो मासा कलिंगडासारखा लाल होतो आणि तसाच राहतो. आत नासायला लागला तरी लाज म्हणून फिका पडत नाही. जपानने आणि युरोपीय संघाने या युक्तीवर बंदी घातली आहे, अमेरिकेत ती चालते. थोडक्यात, दुकानातला प्रामाणिक ट्यूना जरा मळकट दिसतो आणि लबाड ट्यूना तजेलदार. आपण कोणता उचलणार, हे सांगायला भविष्यवेत्ता नको. पाकिटावर "सुशी ग्रेड" छापलेलं असलं की उरलासुरला संशयही मावळतो. या शिक्क्याला अमेरिकेसारख्या कागदपत्रप्रिय देशातही कायद्याची व्याख्या नाही. विक्रेत्याला मासा कच्चा खाण्याजोगा वाटतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि आपला माल चांगला नाही असं वाटणारा विक्रेता अजून जन्माला यायचाय.

इथे अनिसाकिस नावाच्या कृमीची ओळख करून देणं भाग आहे, कारण या नाटकाचा खरा नायक तो आहे. त्याचं बालपण कोळंबीसारख्या बारीक जिवांच्या पोटात जातं, तारुण्य माशात किंवा माकुलात, आणि संसार थाटायला त्याला देवमासा किंवा डॉल्फिन लागतो. मासा खाणारा कुणीही मोठा सस्तन प्राणी आपला देवमासाच, अशा भाबड्या समजुतीने तो कधीकधी माणसाच्या पोटात उतरतो. तिथे घर सापडत नाही म्हणून जठराच्या अस्तरात तोंड खुपसून बसतो. काही तासांत माणसाला अशी कळ येते की तो थेट इस्पितळात. डॉक्टर दुर्बीण आत घालून चिमट्याने पाहुण्याला बाहेर काढतात. आपल्याकडे माशाच्या पोटात अंगठी सापडल्याची गोष्ट आहे. इथे माणसाच्या पोटात माशाचा भाडेकरू सापडतो. हा काही दंतकथेतला प्रकार नव्हे. जपानमधल्या अन्नविषबाधेच्या नोंदींत अलीकडच्या वर्षांत अनिसाकिस पहिल्या ओळींत असतो, आणि तोही कच्चा मासा खाण्यात मुरलेल्या लोकांच्या देशात.

या भाडेकरूला माशातच संपवायचे खात्रीचे उपाय दोन: आच किंवा थंडी. आच आपण स्वेच्छेने सोडली, म्हणजे उरली थंडी, आणि तीही नियमाप्रमाणे. कच्चा खायचा मासा उणे २० अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड जागी ७ दिवस ठेवा, नाहीतर उणे ३५ अंशांवर टणक गोठवून त्याच तापमानाला १५ तास ठेवा, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा दंडक आहे. युरोपात उणे २० अंशांवर निदान २४ तास लागतात. ट्यूनाच्या काही मोठ्या जातींना आणि कोरड्या खाद्याच्या गोळ्यांवर वाढवलेल्या काही माशांना यातून सूट आहे, कारण त्यांच्यात हे भाडेकरू फारसे सापडत नाहीत. हे आकडे वाचून यजमान घरच्या फ्रीझरकडे आशेने पाहतो. तो फ्रीझर साधारणपणे उणे १८ अंशांच्या आसपास असतो, तेही दार बंद असताना. मराठी घरात फ्रीझरचं दार बंद असतं कधी? निळ्या झाकणाच्या आइस्क्रीमच्या डब्यात खवलेला नारळ, त्याच्यावर हिवाळ्यात सोलून ठेवलेले मटार, बाजूला आंब्याचा रस, मागे कधीच्या तरी बारशाचे पेढे, आणि या सगळ्यातून दर दहा मिनिटांनी सरबताला बर्फ काढणारी मुलं. अशा ठिकाणी माशाने सात दिवस ध्यानस्थ बसावं ही अपेक्षा जास्तच आहे. शिवाय गृहमंत्र्यांची परवानगी लागते. "सात दिवस? त्या पेढ्यांच्या शेजारी?" "बरं, पेढे खाली ठेवतो." "पेढे खाली गेले तर तूही खालीच झोप." म्हणून मासा कारखान्यात किंवा बोटीवरच नीट गोठवलेला घ्यावा आणि घरच्या फ्रीझरवर फक्त सांभाळायचं काम सोपवावं, हा शहाणपणा. पण तसं केलं तर पाहुण्यांना "सकाळीच आणलाय" कसं सांगणार?

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, आणि तो घेणाऱ्याने जपान पाहिलेलं नसलं तर तो जास्त जोरात येतो: "जपानी लोक हजारो वर्षं ताजा मासा कच्चा खातायत, ते काय मेले?" ते मेले नाहीत, कारण त्यांनी आपण समजतो तसं केलं नाही. सुशीचं जुनं रूप म्हणजे मीठ लावलेला मासा भातात दाबून महिनोन्‌महिने आंबवायचा. भात टाकून द्यायचा आणि मासा खायचा. बिवा सरोवराकाठची फुनाझुशी आजही त्याच वळणाची असते, आणि तिच्या वासापुढे आपलं सुकट म्हणजे अत्तर. आज आपण ओळखतो ती हातावर वळलेली सुशी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, रस्त्यावरच्या गाड्यांवर रूढ झाली. तिचं श्रेय हानाया योहेई या विक्रेत्याला देतात. त्या काळी शीतकपाट नव्हतं. म्हणून मासा व्हिनेगरमध्ये मुरवलेला असे, सोया सॉसमध्ये बुडवलेला असे, काही तर सरळ उकडलेला असे. ट्यूनाचा पोटाजवळचा चरबीचा भाग लवकर नासतो म्हणून टाकून देत. मांजरसुद्धा ओलांडून पुढे जाईल असली त्याची ख्याती होती. आज याच भागाचे दर ऐकून माणूस ओलांडून पुढे जातो. होक्काइडोतले ऐनू लोक सामन बाहेरच्या कडाक्यात गोठवून मग कापून खात. भाडेकरूचा बंदोबस्त त्यांनी दंडकाशिवाय केला होता. आणि आज दूरच्या समुद्रांतला पुष्कळसा ट्यूना बोटीवरच उणे ५०-६० अंशांना दगडासारखा गोठवून, महिन्यांनंतर टोकियोच्या बाजारात तसाच लिलावाला येतो. तिथे त्या दगडाला कुणी शिळा म्हणत नाही. कच्चा, थंडगार, लोण्यासारखा ट्यूना ही प्राचीन परंपरा नसून यंत्राची देणगी आहे.

दुसरा आक्षेप गोव्याकडून किंवा बारकडून येतो. लिंबाच्या रसात मासा पांढरा होतो, म्हणजे शिजला. वासाबीने जंतू मरतात. आणि सोबतीला साके, म्हणजे जपानी दारू, असली तर कसली भीती? लिंबाने माशातली प्रथिनं घट्ट होतात हे खरं, पण अनिसाकिस आम्लात पोहायला घाबरत नाही. तो मुळात जठरातच राहायला निघालेला प्राणी आहे. व्हिनेगरमध्ये मुरवलेला बांगड्याच्या जातीचा मासा हा जपानमध्ये या दुखण्याचा नेहमीचा आरोपी असतो. वासाबीचं म्हणाल तर आपल्या ताटात येणारी हिरवी गोळी बहुतेक वेळा रंग दिलेल्या मुळ्याच्या भाऊबंदाची असते. तिने डोळ्यांत पाणी येतं, कृमीच्या नाही. साकेचा परिणाम कृमीपेक्षा यजमानावर लवकर होतो, एवढं नोंदवून पुढे जाऊ.

तिसरा आक्षेप मात्र दमदार आहे. "मग सामन घ्या की! पाळलेला, सुरक्षित, नॉर्वेचा." इथे थोडा इतिहास सांगावा लागतो, कारण तो फार मजेदार आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत जपानी माणूस सहसा सामन कच्चा खात नव्हता. त्यांच्या समुद्रातल्या सामनमध्ये कृमी असत, म्हणून तो मीठ लावून भाजायचा मासा. नॉर्वेवाल्यांकडे तेव्हा पाळीव सामनचे ढीग साचले होते. त्यांनी जपानमध्ये मोहीम काढली: आमचा मासा गोळ्या खाऊन वाढतो, त्याच्यात कृमी नाहीत, कच्चा खा. जपानी खरेदीदारांनी सांगितलं की रंग बरोबर नाही, वास बरोबर नाही आणि डोक्याचा आकारही बरोबर नाही. स्थळ नाकारताना इतकी बारीक कारणं आपल्याकडेही ऐकू येत नाहीत. मग १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला निचिरेई या गोठवलेल्या खाद्यपदार्थांच्या बड्या कंपनीने ५,००० टन सामन स्वस्तात घेतला. अट एकच, तो सुशीसाठी कच्चा म्हणून विकायचा. आज जपानच्या फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीत तो सगळ्यांचा लाडका आहे. म्हणजे आपला यजमान ज्याला अस्सल जपानी परंपरा समजून दिवाणखान्यात मिरवतो, ती नॉर्वेच्या विक्री विभागाची कामगिरी आहे.

सामन सुरक्षित आहे, हे मान्य. समुद्राला तो कितपत मानवतो हा वेगळा हिशोब. पिंजऱ्यात हजारोंनी मासे दाटीवाटीने ठेवले की त्यांना उवांसारखे परजीवी लागतात आणि ते बाहेरच्या रानटी सामनलाही जाऊन लागतात. जाळं फाटून पळालेले मासे रानटी माशांशी सोयरीक करून त्यांची जात बिघडवतात. आणि त्या खाद्याच्या गोळ्यांत पेरूच्या किनाऱ्यावरच्या छोट्या माशांचं पीठ नि तेल असतं. गेल्या काही दशकांत गोळ्यांत वनस्पतीचं प्रमाण खूप वाढलं, तेव्हा हा आरोप पूर्वीइतका धारदार राहिलेला नाही, हेही सांगायला हवं. रंगाची गंमत वेगळीच. रानटी सामन कोळंबीवर्गीय जीव खाऊन गुलाबी होतो. पाळलेल्याच्या खाद्यात तो रंग घालावा लागतो, आणि किती गुलाबी हवा ते ठरवायला व्यवसायात रीतसर रंगपट्टी असते, भिंतीला रंग निवडताना दाखवतात तशी, पण फक्त गुलाबी ते केशरी. एवढं करून हा मासा गोठवलेला नको, ताजाच हवा, असा यजमानाचा हट्ट असला तर तो नॉर्वेहून मुंबईला विमानाने येतो. हवाई मार्गाने आलेल्या ताज्या माशाचा कर्बभार, जहाजाने गोठवून आलेल्या त्याच माशापेक्षा कितीतरी जास्त असतो. एरवी पर्यावरणासाठी कापडी पिशवी घेऊन फिरणारा यजमान ताजेपणाच्या नावाखाली एका माशाला विमानात खिडकीची जागा देतो.

"बरं, मग स्थानिक मासा घेऊ" असं म्हणणारा माणूस सात्त्विक असतो, पण त्याच्यापुढचा पेच सगळ्यांत वाईट. समुद्राच्या दृष्टीने पुण्यवान मासे म्हणजे भराभर वाढणारे आणि लवकर पिल्लं देणारे: तारली, बांगडा. ते स्वस्त असतात, आपल्याच किनाऱ्यावरचे असतात. पण हेच मासे उन्हात जरा रेंगाळले की त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं. ते एकदा झालं की शिजवून जात नाही आणि गोठवूनही जात नाही. अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. म्हणून बांगडा कच्चा खायचा तर जाळ्यातून निघाल्यापासून त्याला बर्फाची अखंड सोबत हवी, आणि ती सोबत टोपलीतल्या चार खड्यांनी होत नसते. दुसरीकडे, भारतातलं पहिलं मत्स्यक्षेत्र, ज्याला सागरी संवर्धनाचं एमएससी हे जागतिक प्रमाणपत्र मिळालं, ते केरळातल्या कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरातलं, २०१४ साली. कशासाठी? शिंपल्यांसाठी; आपल्या तिसऱ्यांचीच ती भावंडं. पण शिंपले पाणी गाळून जगतात आणि त्या पाण्यातले जंतू व विषाणू अंगात साठवतात, ते गोठवूनही जात नाहीत. ज्याचं पुण्य कागदावर सिद्ध आहे तोच घरी कच्चा खाऊ नये. नदीतल्या रोहू-कटल्याचं नाव तर काढूच नये. ईशान्य थायलंडमध्ये गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाण्याच्या सवयीने यकृतातल्या कृमींचं आणि पुढे पित्तनलिकेच्या कर्करोगाचं केवढं संकट ओढवलं, ते वैद्यकातल्या माणसांना माहीत आहे.

मग पापलेट? महाराष्ट्राने २०२३ साली पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. हेतू असा की त्याची घटती संख्या लोकांच्या लक्षात यावी. लोकांच्या लक्षात आली ती त्याची चव. राज्यमासा झाल्यापासून ताटातलं त्याचं स्थान तसूभर हललेलं नाही. फक्त आता त्याला खाताना थोडं देशभक्त झाल्यासारखं वाटतं.

माणसाचा हा स्वभाव केवळ मराठी नाही, हे सांगून आपल्या लोकांना थोडा दिलासा द्यायला हवा. मार्च २०१० मध्ये दोह्यात धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरची जागतिक परिषद भरली होती. अटलांटिकमधल्या ब्लूफिन ट्यूनाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालावी, असा प्रस्ताव मोनाकोने आणला होता. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी जपानी दूतावासाने प्रतिनिधींना मेजवानी दिली आणि तीत ब्लूफिनचीच सुशी वाढली. दुसऱ्या दिवशी प्रस्ताव २० विरुद्ध ६८ मतांनी पडला. ३० जण तटस्थ राहिले, कदाचित पोट जड असल्यामुळे. तरी गोष्ट इथे संपत नाही. पुढे मासेमारीचे कोटे कडक झाले, ते थोडेफार पाळलेही गेले, आणि २०२१ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने अटलांटिक ब्लूफिनला संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर काढलं. म्हणजे मासा वाचतो तो कंटाळवाण्या कोष्टकांनी. त्याउलट टोकियोच्या तोयोसू बाजारात २०१९च्या पहिल्या लिलावात २७८ किलोच्या एका ब्लूफिनला ३३ कोटी ३६ लाख येन मिळाले, किलोला १२ लाख. त्या दिवशी विकला गेला तो मासा नव्हता, वर्षाची पहिली बातमी होती. आपल्या यजमानाच्या "सकाळीच आणलाय"ची ही थोरली आवृत्ती म्हणता येईल.

तेव्हा पुरावा एवढाच सांगतो की घरी कच्चा मासा करायचाच असेल तर निवड बरीच रुक्ष आहे. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी काठी आणि गळाने एकेक करून पकडतात त्या जातीचा ट्यूना, जिथे जाळ्यात कासवं आणि डॉल्फिन फुकट मरत नाहीत. तो पकडल्याबरोबर खोल थंडीत गोठवलेला. पाकिटावर कुठल्या समुद्रातला, कशाने पकडला, किती अंशांवर ठेवला हे छापलेलं. (आपल्या बाजारात हाच वर्ग कुपा-गेदर म्हणून येतो आणि पापलेट घ्यायला आलेली माणसं त्याच्याकडे पाठ करून उभी असतात.) घरी आणला की कोमट मिठाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवायचा, वरचा थर सैल होताच काढून कागदात गुंडाळायचा आणि शीतकपाटाच्या खालच्या खणात संथपणे वितळू द्यायचा. मग सुरी. धार एकाच बाजूला असलेली ती लांब सुरी टाचेकडून टोकाकडे एकदाच ओढायची असते. मागेपुढे करवतली की कापाच्या कडेला झालरी निघतात आणि साशिमीऐवजी खिमा होतो. भाताला जपानी तांदूळ नसला तर इंद्रायणी बऱ्यापैकी चिकटतो, आणि वाफ मारायला वर्तमानपत्राची घडी पुरते. हे सगळं जमतं. जमत नाही ते शेवटचं वाक्य.

"वा! ताजा दिसतोय. कुठून आणला?" इथे यजमानाच्या तोंडावर जे भाव उमटतात ते लाचेच्या खटल्यातल्या साक्षीदाराच्या तोंडावरही दिसत नाहीत. "फ्रोझन आहे" म्हटलं की पाहुण्यांचे हात तबकावर थबकतात. मटार, पराठे, कबाब फ्रोझन चालतात. मासा फ्रोझन म्हटला की वाटतं, कुणीतरी आपल्याला दुसऱ्याच्या ताटातलं वाढलं. यावर एका हुशार यजमानवर्गाने तोडगा काढला आहे, ते म्हणतात, "अल्ट्रा-लो टेम्परेचर." पाहुणे लगेच मान डोलावतात. उणे ६० अंश हे ऐकायला महाग वाटतं, आणि महाग ते ताजंच असणार.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत प्रामाणिक आहे आणि तो बहुधा स्वयंपाकघराच्या दारातून येतो: "एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा रव्यात घोळवून तळला असता तर?" तळला असता तर उत्तम झालं असतं, यात वादच नाही. वास सोसायटीभर गेला असता, तिसऱ्या मजल्यावरच्या शाकाहारी सेक्रेटरींनी व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेली चित्रं टाकली असती, पण अनिसाकिस जागच्या जागी मेला असता. (कच्च्या माशाला वास नसतो, या एका गुणावर तो गृहनिर्माण संस्थांत लोकप्रिय व्हायला हरकत नाही.) तरीही कच्च्या माशाच्या बाजूने एक गोष्ट बोलायलाच हवी. हा एकच पदार्थ असा आहे की ज्याच्या निमित्ताने मराठी माणूस माशाची विचारपूस करतो. जात कुठली, समुद्र कुठला, जाळं की गळ, अंडी घालायचा मोसम कुठला, बर्फ किती. पोटात दुखेल या भीतीने का होईना, पण विचारतो. कालवणाच्या माशाला हे प्रश्न कुणी विचारले नाहीत. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, ती माशांच्या विणीसाठी, हे सांगितलं की लोक म्हणतात, "हो, म्हणूनच दर वाढलेत." पिल्लं मोठी होण्याआधी धरू नयेत म्हणून जातीजातीनुसार किमान लांबी ठरवून दिलेली आहे, हे कुणाला ठाऊक असलं तरी बाजारात कुणी फूटपट्टी नेत नाही, उलट "ताटात मावेल एवढाच द्या" अशी मागणी असते, आणि ताट काही समुद्राला विचारून बनवलेलं नसतं.

म्हणून साशिमीच्या रात्री जागतिक कोटे, कर्बभार आणि गळ-काठी यांवर तासभर बोलणारा तोच यजमान पुढच्या रविवारी पिशवी घेऊन बाजारात निघतो. या वेळी मासा शिजवायचा असतो, त्यामुळे विवेकाला सुट्टी असते. सुरमईचं पोट तो दोन बोटांनी चाचपून पाहतो.

"मावशी, गाबोळी आहे ना आत?"

"भरलेली आहे, दादा."

"मग हीच द्या. आणि ते छोटे पापलेट कसे दिले?"